उत्तर कोणाला द्यायचं?

आयटीतली नोकरी सोडून मी भूजलाच्या कामात आले हे कळल्यावर ओळखीतली तरुण मुलंमुली हमखास एक प्रश्न विचारतात : ‘ताई, तुला याची आधीपासून आवड होती का?’ प्रश्न साधा आहे, पण त्यामागची समजूत मला काळजीत टाकते. आवड आपल्या आत कुठेतरी तयार होऊन बसलेली असते, ती एकदा सापडली की पुढची वाट आपोआप दिसते, आणि सापडली नाही तर आपल्यातच काहीतरी उणं आहे, असं ही मुलं धरून चालतात. माझं तसं काही झालं नाही. इंजिनिअरिंग करताना खडकांबद्दल मला विशेष काही वाटत नव्हतं. दिशा बदलताना मला जे उपयोगी पडलं ते आवडीपेक्षा वेगळं होतं. ते नीट सांगता यावं म्हणून हे लिहिते आहे.

माझं गाव फलटण. वीर धरणातून निघालेला नीरा उजवा कालवा आमच्या तालुक्यातून जातो आणि त्या पाण्यावर आमच्याकडचा ऊस उभा असतो. कालव्याला पाणी सुटलं की नाही, पाळी कधी येणार, ही आमच्या घरातली रोजची बोलणी. दहिवडीच्या रस्त्याने मोगराळे घाट चढला की माण तालुका लागतो आणि मुलूख एकदम बदलतो. डोंगर उघडे, बाजरी-ज्वारीची रानं, मेंढरांचे कळप. शिखर शिंगणापूरला जाताना तो मी गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. एका घाटाच्या अंतरावर पाण्याची गोष्ट इतकी वेगळी का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता आणि कोणी तो शिकवलाही नव्हता.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि कॅम्पसमधूनच हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले. अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचे दावे हाताळणारी एक प्रणाली होती, तिच्या टेस्टिंगचं काम माझ्याकडे आलं. त्या नोकरीबद्दल माझी काही तक्रार नाही. शिक्षणाचं कर्ज तिने फेडलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिने केलं, आणि एक शिस्त तिने अंगी लावली. काही बिघडलं की लगेच कारण ठरवायचं नाही. आधी बिघाड पुन्हा घडवून दाखवता येतो का ते पाहायचं, मग एकेक शक्यता बाजूला काढत जायचं, आणि जे सापडलं ते दुसऱ्याला वाचून समजेल असं लिहून ठेवायचं. ही शिस्त आजही माझ्या रोजच्या वापरात आहे.

तरी एक गोष्ट हळूहळू जाणवायला लागली. मी तपासलेल्या प्रत्येक दाव्यामागे एखादा आजारी माणूस असणार. त्याला पैसे मिळाले का, वेळेवर मिळाले का, हे मला कधीही कळणार नव्हतं. माझं उत्तर जायचं टीम लीडकडे, तिथून क्लायंटच्या मॅनेजरकडे आणि पुढे कुठेतरी. अप्रेझलमध्ये रेटिंग चांगलं मिळायचं, ऑनसाइटची बोलणीही सुरू झाली होती. मी दुःखी नव्हते. पण आपल्या कामाचं खरं माप आपल्याला कोणी सांगत नाही, ही बोच मनात राहिली. वय तिशीच्या आत होतं. पुढची तीस वर्षं हीच बोच घेऊन काढायची का, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला.

भूजलाकडे मला नेलं ते टँकरच्या वहीने. वाकडला मी ज्या सोसायटीत भाड्याने राहत होते, तिथे उन्हाळा लागला की पाण्याचे टँकर सुरू व्हायचे. कमिटीतल्या काकांना संगणकावर हिशेब ठेवणारं कोणीतरी हवं होतं, ते काम मी घेतलं. दहा हजार लिटरचा एक टँकर, रोज किती आले, कोणत्या महिन्यात किती वाढले, एवढीच नोंद. सोसायटीच्या आवारात दोन बोअर होती. एक पावसाळ्यानंतर काही महिने चालायचं, दुसरं जवळजवळ कोरडंच. दोन्ही बोअर एकाच आवारात, एकाच खोलीची, मग एकाला पाणी का आणि दुसऱ्याला का नाही? कमिटीत सगळ्यांचं उत्तर ठरलेलं : ‘नशीब.’ टेस्टिंग करणाऱ्या माणसाला या उत्तरावर थांबता येत नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न होता, की हे टँकर भरतात कुठे? ड्रायव्हरदादांना विचारल्यावर कळलं, की जवळच्याच गावांतल्या विहिरींवर आणि बोअरवर. म्हणजे आमच्या नळाला येणारं पाणी कोणाच्या तरी विहिरीची पातळी उतरवून येत होतं.

त्या प्रश्नाचा माग काढत मी पुण्यातल्या एका संस्थेच्या भूजल प्रशिक्षणाला जाऊन बसले. पुढे शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर गावांत जायला लागले. नोकरी चालूच होती. या टप्प्याला मी फार महत्त्व देते. त्या काळात मला कोणी शिवारातली सुंदर दृश्यं दाखवली नाहीत. माझ्याकडे विहिरींच्या नोंदीचे कागद दिले, ते संगणकात भरायचे होते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, विहिरीची खोली, व्यास, पाणी किती खाली, मोटर किती एचपीची, उन्हाळ्यात किती तास चालते. शेकडो ओळी. हे काम कंटाळवाणं होतं आणि तरीही मला ते सोडवत नव्हतं, कारण त्या ओळी नकाशावर मांडल्या की काहीतरी दिसायला लागायचं. एकाच ओढ्याकाठच्या काही विहिरी मार्चपर्यंत टिकायच्या, तर वरच्या अंगाच्या डिसेंबरातच तळ गाठायच्या.

याचं कारण आपल्या पायाखालच्या दगडात आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा वाहिला आणि गोधडीसारखे त्याचे थरावर थर बसत गेले. काही थर घट्ट, काळ्या पाषाणाचे, त्यांत पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या खडक म्हणतात. तो झिजला की पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा मातकट पट्टा असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. जमिनीखाली नद्या वाहतात, खोल गेलं की पाणी लागतंच, असं आपल्याकडे सर्रास मानतात. बेसाल्टमध्ये तसं नसतं. किती खोल गेलो यापेक्षा कोणता थर कुठे भेटतो यावर सगळं ठरतं.

हे मी आधी वाचून शिकले, पण मला ते समजलं माणमधल्या एका वाडीवर, एका जुन्या विहिरीत. सोबत तात्या होते. हयातभर त्यांनी विहिरी खोदल्या होत्या, आधी सुरुंग आणि पहार घेऊन, नंतर यारीवर. मे महिना होता, पाणी अगदी तळाला गेलेलं. भिंतीत बसवलेल्या दगडी पायऱ्यांनी ते पुढे उतरले, मी मागे. प्रत्येक टप्प्यावर ते थांबायचे आणि भिंतीकडे बोट करायचे. वर हातभर काळी माती. तिच्याखाली मुरूम, बोटांनी खरवडला तर सुटणारा. मग चिरा पडलेला खडक, त्या चिरांत पिंपळाची मुळं शिरलेली. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. आणि त्याच्या बुडाशी वीतभर जाडीचा तांबडा पट्टा. ‘हितं हात लावा, मॅडम,’ तात्या म्हणाले. पट्ट्याच्या लगेच वर दगड थंड होता, ओला होता, आणि एका कोपऱ्यात पाण्याचा बारीक झरा सावकाश पाझरत होता. पट्ट्याच्या खालचा काळा पाषाण ठणठणीत कोरडा. ‘मालकानं ह्याच्या खाली अजून दोन परस उतरून घेतलं. पाणी वाढलं न्हाई, नुसता हौद मोठा झाला.’

पाणी धरणाऱ्या थराला पुस्तकात ‘जलधर’ म्हणतात. तात्यांना तो शब्द ठाऊक नव्हता आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. मी आठवड्यानुआठवडे ज्या नकाशावर मान मोडून बसत होते, तो नकाशा त्यांना त्या भिंतीत सरळ दिसत होता. अशा माणसांच्या शेजारी उभं राहून शिकायचं असेल तर पुन्हा सुरुवातीपासून शिकायची आपली तयारी आहे, असं मला त्या विहिरीतून वर येताना स्पष्ट वाटलं.

घरी सांगणं त्यानंतरचं. आईची काळजी लग्नाची होती. ‘कंपनीतली मुलगी’ आणि ‘गावोगाव विहिरी मोजत फिरणारी मुलगी’ यांत स्थळांच्या बाजारात काय फरक पडतो, हे तिला चांगलं माहीत होतं, आणि तिची काळजी खोटी नव्हती. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी नाराजी बोलून न दाखवता प्रश्न विचारले. ‘पगार किती देणार? आजारी पडलीस तर विमा आहे का? तिथं तुला शिकवणार कोण, आणि किती दिवस? नाही जमलं तर परत घेतील का?’ मी वही काढून एकेकाचं उत्तर लिहिलं. पगार निम्म्याहून कमी होणार होता. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, त्यात आई-बाबाही होते. म्हणून त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी स्वतंत्र पॉलिसी आधी घ्यायला हवी होती. कर्ज फिटलेलं होतं. वर्षभराचा खर्च बाजूला टाकायचा तर नोकरी आणखी काही महिने करावी लागणार होती. तेवढी केली. शिकवणारे सर कोण, हे बाबांना दाखवायला त्यांना एकदा संस्थेत घेऊन गेले. परत येताना ते एवढंच म्हणाले, ‘माणूस सावकाश बोलतो. शिकवेल.’

हे तपशील मी मुद्दाम देते आहे. दिशा बदलण्याच्या गोष्टी सांगताना धाडसाचं कौतुक होतं आणि हिशेब गाळला जातो. ज्याच्या पगारावर घराचा हप्ता आहे, धाकट्या भावाचं शिक्षण आहे, त्याला ‘उडी मार, पाणी आपोआप लागेल’ असं सांगणं अन्यायाचं आहे. मला ही मोकळीक मिळाली ती बाबांच्या निवृत्तिवेतनामुळे आणि फिटलेल्या कर्जामुळे. ज्यांना ती नाही त्यांनी थांबलं, तयारी लांबवली, तर त्यात कमीपणा काही नाही.

नव्या कामात मी सर्वांत नवखी होते. माझ्याहून लहान सहकारी भूशास्त्रात एम. एस्सी. झालेले. हातोडीने दगड फोडून, भिंगाखाली धरून ते क्षणात नाव सांगायचे. मला तेच शिकायला बराच काळ लागला. पण पहिल्याच वर्षी जुनी शिस्त कामाला आली. एका गावच्या नोंदींमध्ये काही विहिरींची पातळी भर उन्हाळ्यात अचानक खाली गेलेली दिसत होती आणि पुढच्या महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, पुन्हा वर आलेली. उपसा वाढला असेल, कालव्याचं पाणी आलं असेल, असे अंदाज निघाले. मी एकेक शक्यता तपासत गेले. शेवटी कळलं, की त्या एका महिन्यात मोजणी करणारा मुलगा बदलला होता. आधीचा टेप सोडताना जमिनीपासून मोजायचा, नवा विहिरीच्या कठड्यापासून. प्रत्येक कठड्याची उंची वेगळी, तेवढा फरक नोंदीत शिरला होता. तेव्हापासून प्रत्येक विहिरीवर रंगाने खूण करून तिथूनच मोजायचं ठरलं. पहिल्या नोकरीतली वर्षं वाया गेली का, असं कोणी विचारलं की मला ती रंगाची खूण आठवते.

काळाचं माप मात्र मुळापासून बदलावं लागलं. हिंजवडीत दोन आठवड्यांचा स्प्रिंट असायचा. सोमवारी ठरवलं ते पुढच्या शुक्रवारी दाखवायचं. भूजलाचं वर्ष जूनपासून मेपर्यंत चालतं. पावसाळ्याआधी पातळी मोजायची, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात मोजायची, तेव्हा कुठे एका पावसाने किती भर टाकली ते कळतं. एका पावसाळ्याची मोजणी चुकली, तर पुढच्याची वाट पाहायची. घाई करून त्यात काही हाती लागत नाही. सुरुवातीला हा संथपणा अंगावर यायचा. पुढे त्याचं मोल समजलं. ज्या गोष्टीला वर्ष लागतं तिच्याबद्दल महिन्यात मत देणाऱ्यांपासून मी सावध राहायला शिकले, आणि आपणही तसं मत देऊ नये हेही शिकले.

आता ज्या प्रसंगाने माझा निर्णय पक्का केला तो सांगते. आटपाडीच्या बाजूला एका शेतकरी दांपत्याची डाळिंबाची बाग होती. विहीर आटत चाललेली, आधीचं बोअर कोरडं गेलेलं. ‘पॉइंट काढून द्या,’ एवढीच त्यांची मागणी होती. पाणाड्याने नारळ हातावर धरून एक जागा दाखवली होती. आता यंत्राने ती जागा बरोबर आहे का, ते त्यांना हवं होतं. दोन शेरडं विकून आणि गावच्या पतपुरवठा सोसायटीतून उचल घेऊन बोअरचे पैसे उभे करायची तयारी झाली होती. सरांनी आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या, ओढ्याचा उघडा पडलेला काठ पाहिला, रेझिस्टिव्हिटी मीटरची वाचनं घेतली. मी आकडे लिहून आलेख काढला. वरचा झिजलेला थर पातळ होता आणि त्याखाली घट्ट पाषाण खोलवर गेलेला. शिवाय २००९चा महाराष्ट्र भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आडकाठी करतो. जमिनीखाली काय आहे ते आमच्यासमोर पुरेसं उघड होतं. सर म्हणाले, ‘इथं बोअर घेऊ नका.’

त्या मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांनी सरांना विचारलं नाही, मला विचारलं : ‘मग ताई, बाग जगवायची कशी?’

माझ्या आधीच्या सगळ्या नोकरीत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. समोर उभं राहून, माझ्या उत्तरावर आपलं वर्ष ठेवून. ‘बोअर घेऊ नका’ म्हणून जीपमध्ये बसणं सोपं होतं. सरांनी तसं केलं नाही. आम्ही तिथेच शेडमध्ये बसलो आणि आहे त्या पाण्याचा हिशेब मांडला. विहीर सकाळी किती वेळ उपसता येते, मोटर बंद केल्यावर पुन्हा भरायला किती वेळ घेते, दर झाडाला किती लिटर देता येतील. हिशेबातून जे निघालं ते कडू होतं. त्या वर्षी बहार धरायचा नाही, झाडं नुसती जगवायची. कडेच्या जुन्या ओळी काढून टाकायच्या. उरलेल्यांच्या बुंध्याशी पाचटाचं आच्छादन करायचं आणि ठिबक रात्री चालवायचं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कोणत्या ओळी काढायच्या ते बोटाने दाखवलं. शेरडं विकली गेली नाहीत. बाग लहान झाली, पण राहिली.

उत्पन्नाचं ते वर्ष त्यांच्या हातून गेलंच, आणि हे मी विजयाची गोष्ट म्हणून सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात आहे ते वेगळं. आपलं उत्तर बरोबर निघालं तर ते कोणाच्या घरात दिसेल आणि चुकलं तर कोणाच्या घरात दिसेल, हे मला त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसलं. त्याचं ओझं वाटलं. आणि हे ओझं उचलायला आपण तयार आहोत, हेही त्याच वेळी कळलं. आवड त्यानंतर आली. ती कामातून वाढत गेली. कामाच्या आधी ती कुठेच नव्हती.

दिशा बदलणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि या विषयात तर ती फार जवळची आहे. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसं पाहून ते हलले आणि नायगावला त्यांनी पाण्याचा प्रयोग उभा केला. त्यातून पाणी पंचायत घडली. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही हक्क द्यायचा, आणि उसाला पाणी द्यायचं नाही, हे नियम त्यांनी लोकांबरोबर बसून बांधले. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. शिरूर तालुक्यातला तो कोरडा भाग. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, शेती, बांधकाम शिकत, आणि रेझिस्टिव्हिटी मीटरने जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घ्यायलाही शिकत. दोघांनीही जुनं कसब टाकून दिलं नाही. साळुंखे यांची अभियंत्याची मोजदाद आणि कलबागांची प्रयोगशाळेची शिस्त त्यांच्याबरोबर गावात गेली. बदललं ते एवढंच, की त्या कसबाने कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

आता माझं बरंचसं काम गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं असतं. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची सवय लावली, आणि शेतीच्या सिंचनासाठी बोअर न घेण्याचा नियम पाळून दाखवला. आम्ही गावात जातो तेव्हा फळ्यावर साधा गुणाकार करतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, बरोबर एक टँकर. साडेचारशे मिलिमीटर पडला तर हेक्टरी पंचेचाळीस लाख लिटर. त्यातलं खडकात मुरतं दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेचार लाख. आता मोकाट पाण्यावरच्या एक हेक्टर उसाला दोन कोटी लिटरहून जास्त लागतं. चाळीसहून अधिक हेक्टरांवर मुरलेलं पाणी एका हेक्टराच्या उसात जातं. हा आकडा फळ्यावर आला की सभेतली कुजबुज थांबते. दुसरा आकडा त्याहून जवळचा असतो. आपल्या झिजलेल्या बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. विहिरीची पातळी एक मीटर उतरली म्हणजे एका हेक्टरखालचं दोन लाख लिटर पाणी संपलं. वीस टँकर. हे मांडताना मला वाकडच्या सोसायटीतली वही आठवते आणि तिच्यातला प्रत्येक टँकर कोणत्या तरी गावच्या फळ्यावरून वजा झाला होता, हे आता कळतं.

सगळी गावं ऐकत नाहीत. ताळेबंद मंजूर करून दुसऱ्या आठवड्यात बोअरची गाडी बोलावणारीही असतात. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझं बालपण कालव्याच्या उसावर गेलं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि शेजारच्याच्या बोअरला पाणी लागलं आहे, त्याला एकट्याने थांबायला सांगणं अवघड असतं. म्हणूनच हे काम एका शेतकऱ्यापाशी सुटत नाही, गावापाशी सुटतं. आणि गाव तयार व्हायला पावसाळ्यांमागून पावसाळे जातात.

नोकरी बदलू पाहणाऱ्या मुलामुलींना मी आता तीन गोष्टी सांगते. पहिली, ज्या कामाकडे ओढ वाटते त्यातला सर्वांत रटाळ भाग आधी करून पाहा, तोही पगाराची नोकरी चालू असताना. नोंदी भरणं, फोन करणं, अहवाल लिहिणं, तासन्‌तास वाट पाहणं, जो काही असेल तो. सुंदर भाग सगळ्यांनाच आवडतो. दुसरी, शिकवणारं माणूस शोधा. संस्थेचं नाव, पद, पगाराचा आकडा यांपेक्षा तुमच्या शेजारी बसून तुमची वही तपासणारं माणूस तिथे आहे का, ते बघा. तिसरी, घरच्यांच्या प्रश्नांना विरोध समजू नका. त्यांची उत्तरं लिहून काढा, कारण विमा, हप्ता, परतीची वाट या गोष्टी तुमच्या ध्येयाइतक्याच खऱ्या आहेत.

आणि आवड सापडत नाही म्हणून खंतावू नका. आवड शोधत आतमध्ये पाहत बसलं की बरीच वर्षं निघून जातात. त्याऐवजी बाहेर बघा. कोणाचा तरी असा प्रश्न असेल, जो ऐकल्यावर तुम्हाला तिथून उठून जाता येणार नाही. त्या माणसासमोर उभं राहून उत्तर देण्याइतकं शिकायला जेवढी वर्षं लागतील तेवढी द्यायची तयारी असेल, आणि उत्तर चुकलं तर त्याच्या घरी परत जाऊन ते सांगायची तयारी असेल, तर दिशा बदला. तुमचं आजवरचं कसब तुमच्याबरोबर येईल. बाकीचं शिकवणारी माणसं त्या वाटेवर भेटतात. मला ती भेटली.